आईने काढलेल्या गौरी

त्या भाद्रपदात मी गौरीचा मुखवटा विकत घेऊन घरी आले. त्यानंतर आईने गौर काढली नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. जूनमध्ये घाटावरच्या एका गावात, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती आणि तेव्हापासून घरी आले नव्हते. गणपतीची रजा मिळाली. दादरला उतरले, बाजारात गेले आणि पहिल्या पगारातून राखून ठेवलेल्या पैशांतून मुखवटा घेतला. गोरा रंग, लांब पापण्या, नाकात मोत्यांची नथ. दुकानदाराने तो कापसात गुंडाळून खोक्यात घालून दिला. बसमध्ये ते खोकं मी मांडीवर धरून बसले होते. घरी पोचेपर्यंत माझ्या मनात एकच विचार होता, की यंदा आपल्याकडे येणाऱ्यांना खरी गौर दिसेल.

खरी हा माझा तेव्हाचा शब्द. तो इथे लिहून ठेवते.

आमचं घर काळाचौकीच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. मी अजून तिथेच राहते. वडील गिरणीत कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात होते. कोकणातून आलेल्या आमच्यासारख्या घरांत गौर तेरड्याची असते. तेरड्याची रोपं मुळांसकट आणायची, नळावर धुवायची, जुडी बांधून सुपात उभी करायची, तिला साडी नेसवायची आणि वर चेहरा बांधायचा. हा चेहरा बहुतेक घरांत छापील कागदाचा असे. बाजारात तो चार-आठ आण्यांना मिळायचा. आमच्या घरी तो आई काढायची.

श्रावण संपता संपता वडील गिरणीतून पुठ्ठा आणत. कापडाचा तागा ज्यावर गुंडाळतात तो. आई तो विळीवर कापायची. हो, विळीवर, कारण कात्री जाड पुठ्ठ्यात अडकायची. मग त्यावर कणकेच्या खळीने कागदाचे थर, शेवटचा थर कोऱ्या कागदाचा, आणि खिडकीत वाळवायला ठेवायचा. वाळला की तांदळाच्या पिठात हळद कालवून त्याचा हात द्यायचा. भुवया घरच्या काजळाच्या. ओठ कुंकवाचे. काडीला कापूस गुंडाळून ती रंग भरायची आणि बारीक रेघ हवी असली की दूर्वेचं टोक वापरायची. ती चौथीपर्यंत शिकली होती. चित्रकला तिला कुणी शिकवली नव्हती. हे कुठून आलं असं मी तिला विचारलं नाही.

डोळे मात्र आधी काढायचे नाहीत. गौर घरात घ्यायच्या दिवशी ती पहाटे उठून डोक्यावरून अंघोळ करायची, ओल्या केसांनी देवांसमोर बसायची आणि भिंतीकडे तोंड करून डोळे काढायची. तोवर चहासुद्धा घ्यायची नाही. आम्हाला, म्हणजे वडलांना आणि मला, गॅलरीत काढलेलं असायचं. आतून आवाज यायचा नाही. कधीतरी ती म्हणायची, "या आता," आणि आम्ही आत गेलो की गौर आमच्याकडे बघत असायची.

देवांवर तिची श्रद्धा होती, पण ती बोलून दाखवायची नाही. सकाळी देवांची फळी पुसायची, त्यातल्या प्रत्येकाला काहीतरी सांगायची, ओठ हलत पण ऐकू काही येत नसे. गिरणी बंद पडल्यावर वडील दोन वर्षं नुसते बसून होते. तेव्हा आईने लोकांना भाकऱ्या करून द्यायला सुरुवात केली. सकाळी साठ, संध्याकाळी चाळीस. त्या वर्षांतही भाद्रपदात गौर आली. पुठ्ठा साडीच्या दुकानातल्या खोक्याचा होता, एवढाच फरक.

आईची गौर देखणी नसायची. एका वर्षी तिचा चेहरा लांबट असे, दुसऱ्या वर्षी नाक बसकं. एकदा डाव्या डोळ्यात किंचित तिरळेपणा होता. मला वाटायचं, आईचा हात चुकतो. हळदीकुंकवाला चाळीतल्या बायका यायच्या तेव्हा गौरीसमोर उभ्या राहून हसायच्या.

"अगो बाय, यंदा गौरीला नाकच नाय दिलंन!"

"दिलंय की. तुझ्यासारखं दिलंय, म्हणून दिसत नाय."

"आणि हनुवटी बघ. सासूला उलट बोलणारीची हनुवटी हाय ही."

"मग तूच ती!"

आई चहा गाळत असायची. तीही हसायची. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायचे आणि मला त्या हसण्याची लाज वाटायची. आमच्या देवाला लोक हसतात, असं वाटायचं.

कॉलेजात असताना एक मैत्रीण आमची गौर बघायला आली. ती गिरगावातली. तिच्या घरी चांदीचे मुखवटे होते, पणजीच्या वेळचे. तिने हात जोडले, थोडा वेळ बघत राहिली आणि अगदी चांगल्या मनाने विचारलं, "हे कुणी काढलंय गं? घरात लहान कुणी आहे का?"

मी म्हणाले, "शेजारची मुलगी आहे. तिने काढलंय."

पडद्यापलीकडे आई घावन काढत होती. दोन हातांवर. मिनिटभराने ती दोन बश्या घेऊन बाहेर आली. "घ्या, गरम आहे तोवर," म्हणाली. मैत्रिणीला आग्रह करून आणखी एक घावन वाढलं. माझ्या बशीतही वाढलं. त्याबद्दल ती मला त्या दिवशी काही बोलली नाही, पुढेही कधी नाही. तिने ऐकलं की नाही हे मला माहीत नाही. ऐकलं नसेल असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पडदा कापडाचा होता.

तेव्हा मुखवटा आणण्यात प्रेम होतं का? होतं. पण त्यात ही लाजही होती, आणि किती प्रेम, किती लाज, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

मी खोकं घेऊन दारात उभी राहिले तेव्हा कापलेला पुठ्ठा खिडकीत वाळत होता. आईने हात धुतले, पदराला पुसले, मुखवटा दोन्ही हातांनी घेतला आणि देवांच्या फळीवर ठेवला. "किती गो सुंदर आणलंस," म्हणाली. लगेच शेजारच्या काकीला हाक मारली. काकी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी, आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. "बघ, लेकीने आणलान. पहिल्या पगाराचा." मग तिसऱ्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, नळावर, सगळीकडे तेच सांगत राहिली. खिडकीतला पुठ्ठा तिने संध्याकाळी पिठाच्या डब्याखाली घातला. ओल येत होती म्हणून.

गौर घ्यायच्या दिवशी ती नेहमीसारखी पहाटे उठली. मी जागी होते. ओल्या केसांनी ती मुखवट्यासमोर बसली, काजळाची डबी उघडली. मुखवट्याचे डोळे रंगवलेलेच होते. ती तशीच बसून राहिली. मग करंगळीने काजळ घेऊन त्याच्या कानामागे तीट लावली, डबी बंद केली आणि चहा ठेवायला उठली. आम्हाला गॅलरीत जायला सांगितलं नाही.

त्या वर्षी हळदीकुंकवाला बायका आल्या, म्हणाल्या, "छान आहे हो," कुंकू लावून घेतलं, प्रसाद घेतला, गेल्या. कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता कसं शोभतंय.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कागदाची गौर तिसऱ्या दिवशी गणपतीबरोबर पाण्यात जाते. आम्ही दादरच्या चौपाटीला जायचो. आईने काढलेला चेहरा तेरड्यासकट लाटेत सोडायचा. हळद, कुंकू, काजळ, सगळं पाण्यात विरघळायचं. विकतचा मुखवटा मात्र पाण्यात जात नाही. तो पुसून माळ्यावर ठेवतात आणि पुढच्या वर्षी तोच बसवतात. एकदा पूजा झालेला मुखवटा माळ्यावर ठेवून त्याच्या जागी दुसरं काही बसवायचं नसतं, गौर उपाशी राहते, असं आमच्या बायका मानतात. आईही मानायची. मला हे माहीत होतं. मुखवटा घेताना ते माझ्या मनात आलं नाही, एवढंच.

तीन वर्षांनी मला गिरगावातल्या एका कॉलेजात नोकरी मिळाली आणि मी घरी परत आले. श्रावणातली एक दुपार होती. आई तांदूळ निवडत होती, मी वाचत होते.

"ऐक ना गो," ती म्हणाली. "मुखवटा यंदा गौरीबरोबर पाठवून दिला तर? रीतसर. ओटी भरून. म्हणजे यंदापासूनच परत कागदाची आणता येईल."

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. "पाठवून म्हणजे? पाण्यात?"

"हो. तसं चालतं म्हणतात. विचारलंय मी."

"मी आणलेला मुखवटा तू पाण्यात सोडणार?"

"तसं नाय गो..."

"आवडला नव्हता तर तेव्हाच सांगायचंस. चाळभर कशाला दाखवत फिरलीस?"

ती परत तांदळाकडे बघायला लागली. म्हणाली, "आवडला गो. मी आपलं विचारलं."

मी पान उलटलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर तेवीस गणपती आले. तिने रांगोळ्या काढल्या, ठिपक्यांच्या. माझ्या साडीला खोंबारा लागला तर त्यावर असं रफू केलं की ते पान वाटावं. भाकऱ्या थांबल्या, वडील गेले, तिचे गुडघे गेले. चेहरा मात्र तिने एकही काढला नाही. मी रोज ग्रंथालयात लोकांना हवं ते पुस्तक शोधून द्यायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्या हातचं जेवायचे. आम्हा दोघींचं बरं चाललं आहे, असं मला वाटायचं. तिला काय वाटायचं हे मी विचारलं नाही. राहायचो मात्र एकाच खोलीत.

आई दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात गेली. आठ दिवस ताप आला आणि नवव्या दिवशी ती गेली.

दहाव्याच्या आधी भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मी जुनी पिशवी काढून बसले. काकी सोबतीला आली होती. पिशवीत एक फोटो सापडला, वडलांच्या गिरणीतल्या मित्राने काढलेला. गौरीची आरास, बाजूला आई, तिच्या पलीकडे दोन बायका. गौरीचा चेहरा फुलांच्या मुंडावळ्यांनी जवळजवळ झाकलेला होता, खाली फक्त हनुवटी दिसत होती.

काकीने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ही मी," म्हणाली.

मला वाटलं, पलीकडच्या दोघींपैकी एक. मी त्यांच्यावर बोट ठेवलं.

"ती नाय गो. त्या खालच्या मजल्यावरच्या. ही." तिचं बोट गौरीच्या हनुवटीवर होतं. तिथे काजळाचा एक ठिपका होता. मग मी काकीच्या हनुवटीकडे बघितलं. तिथला तीळ मी लहानपणापासून बघत आले आहे.

"त्या वर्षी माझे वडील गेले," काकी म्हणाली. "गौरीला माहेरी बोलवायचं ते भावांनी बोलवलं नाय. जमिनीवरून बिनसलेलं. सासरी कुणाला सांगू? नळावर भांडी घासताना रडले असेन, नायतर काय. तुझ्या आईने बघितलंन असेल. विचारलंन काय नाय. हळदीकुंकवाला आले तर समोर मी. साडी नेसून, नथ घालून बसलेली."

"मग?"

"मग काय. माझी ओटी भरलीन. म्हणाली, माहेरी आलीस, जेवून जा."

मी विचारलं, बाकीच्या गौरी? काकीने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. तिरळी गौर कोपऱ्यातल्या खोलीतली, जिने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं होतं आणि माहेरचं दार जिला बंद झालं होतं. बसक्या नाकाची ती, जिला आईबाप नव्हतेच. लांब चेहऱ्याची खुद्द आमची आजी, वडलांची आई. सत्तर वर्षांच्या बाईला कसलं माहेर, असं सगळे म्हणायचे त्या वर्षी. त्या त्या वर्षी चाळीतल्या जिला माहेरी जाता आलं नाही तिचा चेहरा आई काढायची. बायकांना ठाऊक होतं. पुरुषांना आणि पोरांना कुणी सांगितलं नाही.

"आणि तुम्ही हसायचात ते?"

"मग काय करणार? सगळ्यांसमोर रडायचं?" काकी म्हणाली. "तू बसलेली असायचीस की तिथे पुस्तक घेऊन. आम्हाला वाटायचं, एवढी शिकलेली पोर, हिला कळत असेल."

मी विचारलं, "मी मुखवटा आणला त्या वर्षी ती कुणाची काढणार होती?"

"ते ती आधी सांगायची नाय कधी. आम्हाला पण उभी केल्यावरच कळायचं." काकी फोटोकडे बघत होती. "तू घाटावर होतीस ना गो तेव्हा? जूनपासून आलीच नव्हतीस."

"हो," मी म्हणाले.

तिने फोटो माझ्या हातात परत दिला. त्या पुठ्ठ्यावर माझा चेहरा आला असता असं समजण्याचा मला अधिकार नाही. चाळीत चाळीस खोल्या होत्या आणि माहेर तुटलेल्या बायका दर वर्षी असत.

पहिल्या वर्षी सण करायचा नव्हता. गेल्या भाद्रपदात मी गौर काढायचं ठरवलं. मुखवटा पाठवून द्यायचा, आईने विचारलं होतं तसा, रीतसर, ओटी भरून, आणि कागदाची गौर पुन्हा सुरू करायची. पुठ्ठा आणला. विळीवर कापताना बोट कापलं. खळ केली, थर दिले, हळदीचा हात दिला. इतपत जमलं. मग काजळ घेऊन बसले आणि लक्षात आलं की कुणाचा चेहरा काढायचा हे मला ठाऊक नाही. या वर्षी चाळीत कोण माहेरी गेली नाही? आमच्याच मजल्यावर तीन नवी बिऱ्हाडं आहेत. त्या बायकांना मी जिन्यात बघून हसते. त्यांची नावं मला माहीत नाहीत. मला नळावर उभं राहायची सवय नाही. नळ आता घरात आहे.

दोन दिवस मी संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले. बायका मला बघून बोलणं थांबवायच्या आणि "काय मॅडम, बरंय ना?" असं विचारायच्या. मी बरंय म्हणायचे आणि आत यायचे.

मग मी रीत होती तसं केलं. मुखवटा पुसला, तेरड्यावर बांधला, साडी नेसवली. काकी आली, कुंकू लावून घेतलं, चहा प्यायली. जाताना म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू आणलेलास म्हणून तिला तो मोठा होता." तिला हे मनापासून वाटत असेल. माझी तेवढ्याने सुटका होत नाही. मी एकदा हो म्हटलं असतं, त्या दुपारी, तांदूळ निवडून संपायच्या आत, तर तेवीस बायका आमच्या घरी माहेरी आल्या असत्या.

काकीला आठवतील तेवढ्या गौरी मी वहीत लिहून घेतल्या. अकरा भरल्या. त्यांतल्या नऊ जणी आता हयात नाहीत. एक बदलापूरला मुलाकडे असते, तिला दिसत नाही. अकरावी काकी.

आईने काढलेलं चित्र एकही उरलेलं नाही. एका फोटोत एक हनुवटी आहे, आणि ज्यांचे चेहरे तिने काढले त्यांतल्या दोघी अजून आहेत.